वाचकहो, क्षमस्व

न लिहिल्याबद्दल जगात सगळ्यात जास्त कुणी लिहिलं असेल, तर ते माझ्या बायकोच्या थोरल्या मामांनी. हे मी मायेपोटी म्हणत नाही, पुराव्यानं म्हणतो. त्यांचा ब्लॉग मीच त्यांना काढून दिला आणि त्याचा पासवर्ड आजही माझ्याकडेच असतो, कारण मामांकडे ठेवला तर ते तो वीजबिलाच्या मागे लिहितात आणि मामी ते बिल रद्दीत घालतात. एक वेळ अशी होती की त्या ब्लॉगवर एकूण चौतीस लेख होते. त्यातले तेवीस गाई, म्हशी, बैल, शेळ्या आणि एका चावऱ्या घोड्याबद्दल होते आणि उरलेल्या अकरांचं नाव एकच होतं, 'वाचकहो, क्षमस्व'. या अकरा लेखांत मामा वाचकांची माफी मागत, काही अपरिहार्य कारणास्तव लेखनात खंड पडल्याचं कळवत, येत्या रविवारपासून नियमित भेटण्याचा शब्द देत आणि पुढच्या क्षमस्वपर्यंत गायब होत. अपरिहार्य कारणं वाचण्यासारखी असत. एकदा चष्म्याचा नंबर बदलला होता. एकदा घराला रंग चालू होता. एकदा तर कारण म्हणून नुसतं 'हवामान' असं लिहिलं होतं.

मामा निवृत्त झाले ते पशुसंवर्धन खात्यातून. त्यांचा हुद्दा पशुधन पर्यवेक्षक असा लांबलचक होता, पण जिल्ह्यात ज्या ज्या गावी त्यांनी नोकरी केली तिथं लोक त्यांना डॉक्टरसाहेबच म्हणत, आणि मामांनी कधी कुणाची चूक सुधारली नाही. सगळं आयुष्य जनावरांत काढल्यामुळे माणूस हा त्यांच्या लेखी दोन पाय कमी असलेला प्राणी आहे. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा बाकीचे नातेवाईक माझं शिक्षण आणि नोकरी विचारत होते आणि हे कोपऱ्यात बसून माझं चालणं न्याहाळत होते. मी गेल्यावर त्यांनी घरच्यांना एवढंच सांगितलं म्हणे, "पाय सरळ हायेत, नाक कोरडं न्हाई, घ्यायला हरकत न्हाई." पुढे एकदा माझ्या बायकोला ताप आला तेव्हा मामा बघायला आले, तिच्या कानाच्या पाळीला हात लावून पाहिला आणि गंभीरपणे मला विचारलं, कालपासून रवंथ करती का? मग स्वतःच सावरून म्हणाले, म्हंजे जेवती का?

ते राहतात जुन्या जालन्यात, मस्तगडाला, वरच्या मजल्यावर. खाली टेलरचाचांचं दुकान आहे. चाचांच्या घरात उर्दू चालते, दुकानात मराठी, आणि गिऱ्हाईकानं कापड कमी आणलं की दोन्ही. चाचा खाली टेप लावून माप घ्यायला लागले की मामा वर गॅलरीत उभे राहून नुसत्या नजरेनं त्या माणसाच्या वजनाचा अंदाज बांधतात आणि तो मोठ्यानं जाहीर करतात. अंदाज बराबर येतो, हीच अडचण आहे. त्यापायी चाचांची दोन-तीन चांगली गिऱ्हाईकं तुटली, पण चाचांनी मामांशी बोलणं कधी तोडलं नाही.

ब्लॉगची कल्पना माझी. मामा बोलायला लागले की ऐकत राहावं असं बोलतात. एका गाईबद्दल ते म्हणाले होते, "ती अशी बघून राह्यल्ती, जसं मीच तिचं वासरू विकलं." मला वाटलं हे कागदावर यायला हवं. पण कागद पुढं आला की या माणसाच्या अंगात सगळं खातं संचारतं. तीच गाय ब्लॉगवर अशी उतरली : 'सदर गाय स्वभावाने तापट असून तिने प्रस्तुत लेखकास एकूण दोन वेळा लाथ मारली. पैकी एक डाव्या पायाने व एक उजव्या पायाने.' मी भीत भीत सुचवलं की मामा, बोलता तसं लिहा. ते म्हणाले की बोलणं वेगळं आणि लिहिणं वेगळं, लिहिलेलं उद्या कुणी तपासायला मागितलं तर काय दाखवायचं. तरी पहिले काही महिने त्यांनी दर रविवारी नेमानं लिहिलं. दाढी, अंघोळ, इस्त्रीचा शर्ट, मग टेबल. आधी वहीत लिहायचं, मग एका बोटानं टाइप करायचं, मग खाली जाऊन चाचांना वाचून दाखवायचं. चाचा मशीन न थांबवता ऐकत आणि शेवटी म्हणत, बराबर है. मामा वर येऊन सांगत की चाचांना लेख आवडला.

सगळं बिघडलं ते माझ्यामुळे. लेख किती वेळा उघडला गेला ते आकड्यात दिसतं, ही सोय मी मामांना दाखवली. बैलाच्या डोळ्याच्या ऑपरेशनवर त्यांनी लिहिलं होतं आणि आठवड्यात आकडा एक्केचाळीस झाला. मामांनी पेढे आणले. पेढा तोंडात असतानाच मी नको ते केलं, आत जाऊन नीट तपासलं. एक्केचाळीसपैकी अडतीस वेळा तो लेख खुद्द मामांच्या फोनवरून उघडला होता. आकडा वाढला का बघायला ते लेख उघडत, त्यानं आकडा वाढे, आणि वाढलेला बघून त्यांना आणखी हुरूप येई. उरलेल्या तीन वेळांत एकदा मी होतो, एकदा माझी बायको. शहाण्या माणसानं हे पोटात ठेवलं असतं. मी सांगून टाकलं. मामांनी हातातला पेढा परत खोक्यात ठेवला आणि विचारलं, तिसरा कोण? मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, तुमच्याच हातून चुकून दोनदा उघडलं असंल. तिथून लिहिणं थांबलं आणि क्षमस्व सुरू झाली.

परत सुरुवात करण्यासाठी या माणसानं काय केलं नाही? भिंतीवर वेळापत्रक लावलं. टेबलाचं तोंड पूर्वेला केलं, मग उत्तरेला, मग सावली पडते म्हणून टेबलच बाहेर काढलं आणि आठवडाभर मामींना पोळ्या उभ्यानं लाटाव्या लागल्या, कारण ते टेबल स्वयंपाकघरात त्यांच्या पाटाच्या जागी आलं होतं. लेख पूर्ण होईपर्यंत चहा वर्ज्य अशी प्रतिज्ञा केली. चौथ्या दिवशी मी गेलो तर मामी म्हणाल्या, "चहा न्हाई म्हणून डोकं दुखतंय, डोकं दुखतंय म्हणून लिहिणं न्हाई, आन् लिहिणं न्हाई म्हणून चहा न्हाई. जावईबापू, तुम्हीच सोडवा हे." मी मामींना चहा ठेवायला सांगितला. एवढंच मला सुटण्यासारखं होतं.

मग कुणीतरी त्यांना एका व्याख्यानाला नेलं. स्वतःतली ऊर्जा जागवा, असा काहीतरी विषय होता. वक्ता कोट घालून आला होता आणि ध्येय डोळ्यांपुढे ठेवा म्हणजे आळस आपोआप पळतो, असं सांगत होता. शेवटी कुणाला शंका आहे का म्हटल्यावर मामा उठले. त्यांनी विचारलं, बैल बसला आणि उठंनाच झाला, तर त्याला ध्येय सांगून उठवता येतं का? सभागृह हसलं. वक्ता बिचारा भला होता, त्यानं विचारलं, मग तुम्ही काय करता? हे विचारायला नको होतं. मामांनी पाव घंटा सांगितलं. कुशी बदलायची, पोत्यात भुसा भरून अंगाला टेकू द्यायचा, पाय चोळायचे, पाणी थोडं थोडं पाजायचं आणि भोवती गर्दी करू द्यायची नाही. ऐकणाऱ्यांत निम्मे खेड्यावरून आलेले होते. त्यांनी ते लिहून घेतलं आणि जाताना मामांचा नंबर नेला. मामा घरी आले, त्या भरात टेबलाशी बसले आणि दहावी क्षमस्व लिहिली. आपण बैलाला जे करतो ते स्वतःला करून बघावं, असं काही त्यांच्या मनात आलं नाही. मी सुचवलं तर म्हणाले, माझ्या अंगाला भुशाचं पोतं कोण लावणार?

अकरावी क्षमस्व वाचायला ते खाली गेले तेव्हा मी बरोबर होतो. चाचा पायजम्याला नेफा घालत होते. मामांनी वाचून संपवलं आणि नेहमीच्या 'बराबर है'ची वाट बघत थांबले. चाचांनी मशीन थांबवलं. एवढ्या वर्षांत ते लेखासाठी पहिल्यांदाच थांबलं असेल. चाचा म्हणाले, "डॉक्टरसाब, बुरा मत मानो. दो साल से आप माफीच माँग रहे. एक बार कसूर भी तो करो."

मामांनी बुरा मानला. पंधरा दिवस ते खाली उतरले नाहीत, गॅलरीतून वजनंही सांगितली नाहीत.

आणि मग एका रविवारी सकाळी चाचांनीच एका बाईंना वर पाठवलं. हसनाबादच्या पलीकडच्या एका गावातल्या अंगणवाडी सेविका होत्या त्या, चाळिशीच्या. जालन्याला भावाकडे आल्या होत्या. ब्लॉगवर लेखकाच्या परिचयात 'मस्तगड, टेलरच्या दुकानावर' एवढंच लिहिलेलं, त्यावरून दुकान शोधत आल्या. आपण तुमचे सगळे लेख वाचतो, असं त्यांनी दारातच सांगितलं. मामांचा चेहरा काय झाला ते मला लिहून सांगता येणार नाही. ते आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले, मामींना पोहे टाकायला सांगितले आणि माझ्याकडे असं पाहिलं की बघा, हा तिसरा. बाईंनी सांगितलं की त्यांच्या सासऱ्यांना, आबांना, आता डोळ्यांनी दिसत नाही. त्या फोनवर लेख वाचतात आणि आबा बाजेवर पडून ऐकतात. सगळे लेख दोन-दोन, तीन-तीनदा झालेत. एक सोडून.

पोह्यांची ताटली हातात तशीच ठेवून त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, तुम्ही लिवलंय, मालकानं रातभर जनावर तसंच ठिवलं, सकाळी बोलावलं, म्हणून म्हैस गेली. ती आमची चांद्री. आबांनी सांजच्यालाच माणूस पाठवल्ता."

मला तो लेख आठवत होता. लोक जनावर पार आडवं होईपर्यंत डॉक्टरला बोलावत नाहीत, असं सांगताना मामांनी एका म्हशीचं उदाहरण दिलं होतं. लग्नातलं उरलेलं अन्न खाऊन तिचं पोट फुगलं होतं. 'सदर मृत्यू निव्वळ मालकाच्या हयगयीमुळे झाला', असं शेवटचं वाक्य होतं. मामा एकदम खात्यातले मामा झाले. आपण कुणाचं नाव लिहिलेलं नाही, गावही लिहिलेलं नाही, असं ते म्हणाले. बाई शांतपणे म्हणाल्या की कपाळावर पांढरा चांद असलेली म्हैस सगळ्या गावात एकच होती. मामा म्हणाले, आपल्याकडे नोंदवही आहे, आपण पुराव्याशिवाय लिहीत नाही. बाईंनी वाद घातला नाही. मान राखायला दोन घास पोहे खाल्ले, ताटली ठेवली आणि उठल्या. जाताना म्हणाल्या, "मी भांडायला न्हाई आले. बाकीचं समदं आबांना लई आवडतं. तेवढं एक नीट करा."

त्या गेल्यावर मामांनी पलंगाखालून पेटी ओढली. नोकरीतल्या सगळ्या नोंदवह्या त्यांनी जपून ठेवलेल्या आहेत. धूळ झाडायचं काम माझ्याकडे आलं. मामा तणतणत होते की आत्ता दाखवतो, तारीखवार दाखवतो, फोटो काढून त्या बाईला पाठवा. पान सापडलं. मामांच्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं : निरोप, सायंकाळी सहा. भेट, दुसरे दिवशी सकाळी आठ. विलंबाचे कारण, इतर तातडीचे काम.

 मामा चष्मा पुसून पुन्हा पान बघायला लागले. स्वयंपाकघराच्या दारातून मामी म्हणाल्या, "तातडीचं काम कसलं? माझ्या माहेराहून आंबे आल्ते त्या दिवशी. चार वाट्या रस खाल्ला आन् घोरत पडले. मी दोनदा उठवलं."

मामांनी वही मिटली. मग हळूच म्हणाले, "चार न्हाई. पाच."

त्या दिवशी त्यांनी दाढी केली नाही, टेबलही हलवलं नाही. तिथंच जमिनीवर, पेटीला टेकून, पाठकोऱ्या कागदावर लिहिलं आणि कागद माझ्या हातात दिला. त्यात एकही 'सदर' नव्हतं. 'चांद्री तिच्या मालकामुळे गेली असं मी लिहिलं ते खोटं आहे. मालकानं वेळेवर माणूस पाठवला होता. मी आमरस खाऊन झोपलो होतो. बायकोनं उठवलं तरी उठलो नाही. सकाळी गेलो तेव्हा म्हातारा तिच्या पोटावर हात ठेवून बसला होता, आणि मी त्यालाच रागावलो.' मी म्हटलं, आत्ता टाकतो ब्लॉगवर. मामा म्हणाले, आधी त्याला ऐकवायचं.

पुढच्या रविवारी माझ्या मोटरसायकलवर आम्ही गेलो.  भोकरदनच्या रस्त्यावर इतक्या शेळ्या आडव्या आल्या, एकीलाही मामांनी नाव ठेवलं नाही. आबा अंगणात बाजेवर होते. वाळलेले, उंच, डोळे पांढरट झालेले. सूनबाईंनी कोण आलंय ते सांगितलं. मामा बाजेच्या कडेला बसले आणि त्यांनी कागद वाचला. 

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती वाट्या?"

"पाच," मामा म्हणाले.

"मंग उठणं शक्यच नव्हतं."

कुणी हसायचं की नाही, हे काही वेळ कुणाला कळलं नाही. मग आबाच बोलायला लागले. उरलेलं अन्न चांद्रीपुढं त्यांनीच टाकलं होतं, सून नको म्हणत होती तरी, वाया जाऊ नये म्हणून. "तुम्ही रागावले ते मला तव्हा पटलं व्हतं," ते म्हणाले. "ते बी लिवा. निम्मं तुमचं, निम्मं माझं." आणि मग म्हणाले की लेखात बाकीच्याही चुका आहेत. चांद गोल नव्हता, मोडलेल्या भाकरीसारखा होता. शिवाय मुख्य गोष्ट डॉक्टरांना माहीतच नाही. आबांची बायको वारली तेव्हा चांद्रीनं दूध चोरलं, कुणालाच पिळू देईना. मग आबा महिनाभर बायकोचं लुगडं अंगावर घेऊन धारेला बसत. गावातले लोक कुंपणावरून बघायला येत. "येऊ द्या म्हणलं," आबा म्हणाले, "तिला वाटतंय ना बराबर, झालं." मामांनी मान खाली घालून त्या कागदाच्या उरलेल्या कोपऱ्यांत हे सगळं लिहून घेतलं. निघताना गाडीवर बसल्या बसल्या ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले. म्हणाले, जल्दी चालवा, घरी जाऊस्तोवर शब्द बदलतील.

त्यानंतर वर्षाहून जास्त काळ एकही रविवार चुकला नाही. क्षमस्वचा आकडा अकरावरच राहिला. चाचांकडे वाचन पुन्हा सुरू झालं, आणि चाचा पुन्हा मशीन चालू ठेवून 'बराबर है' म्हणायला लागले, ते मामांना फार बरं वाटलं. किती लोक वाचतात हे मामांनी मला परत विचारलं नाही. त्यांना एकच काळजी, सोमवारी सकाळी दहाला आबांचा फोन येई त्याची. सूनबाई रविवारी संध्याकाळी लेख वाचून दाखवत आणि आबा एक दिवस चुका जमवत. तो बैल तांबडा नव्हता, पांढरा होता. त्या साली दवाखान्याच्या छपराला पत्रे नव्हते, कवेलू होते. मामा फोनवर तासभर भांडत, हार मानत आणि लेखाखाली एक ओळ टाकत : 'दुरुस्ती : बैल पांढरा होता. चूक कळवल्याबद्दल आभारी आहे.' कुणी त्यांना म्हणालं की आता छान प्रेरणा मिळालीय तुम्हाला, तर ते चिडत. प्रेरणा कसली, म्हणत, सोमवारी म्हातारा फोन करतो, त्याला बोलायला काहीतरी द्यावं लागतं.

गेल्या हिवाळ्यात आबा गेले. झोपेतच. मामा तिसऱ्याला जाऊन आले आणि माझ्या घरी येऊन पाणी पिऊन गेले, बसले नाहीत. मी मनात म्हटलं, आता बारावी येणार. रविवारी दुपारपर्यंत मी ब्लॉग उघडलाच नाही. उघडला तेव्हा लेख होता, आबांच्याच गावावर. दवाखान्यापुढच्या कडुनिंबाखाली बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकायचं काम कसं चाले, त्याबद्दल. चांगला होता. फक्त तिथं कडुनिंब नव्हता. ते झाड बाभळीचं होतं. त्या बाभळीचे काटे मामांच्या सायकलच्या टायरला कितीदा लागले ते मी त्यांच्याच तोंडून दहा वेळा तरी ऐकलंय. मी फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "दिसलं मला. राहू द्या."

सोमवारी मला सुट्टी होती म्हणून मी मस्तगडाला गेलो. मामा अंघोळ करून, शर्ट घालून टेबलाशी बसले होते. फोन पुढ्यात होता. दहा वाजले, सव्वादहा झाले. मामींनी चहा आणून ठेवला आणि त्या आत गेल्या. खाली चाचांचं मशीन चालू होतं. मी थोडा वेळ पेपर चाळला आणि निघून आलो.

संध्याकाळी घरी ब्लॉग उघडला. लेखाखाली एक ओळ वाढली होती. 'दुरुस्ती : दवाखान्यापुढे कडुनिंब नव्हता, बाभूळ होती. चूक कळवल्याबद्दल आभारी आहे.'

कुणी कळवली, ते मी विचारलं नाही.